चेल्लमुत्तूचा डावा पाय

नामक्कलमध्ये लॉरीचे ड्रायव्हर पुष्कळ, पण अंड्यांचा ड्रायव्हर एखादाच. सिमेंट, लोखंड कुणीही वाहून नेईल, आपटलं तरी लोखंड ते लोखंडच राहतं. अंड्याला एक धक्का पुरतो. म्हणून पोल्ट्रीवाले भाड्याचं बोलायच्या आधी विचारायचे, "गाडीवर कोण आहे?" आणि लॉरीमालक नल्लसामी गौंडरांनी "चेल्लमुत्तू" म्हटलं की पुढची घासाघीसच व्हायची नाही.

चेल्लमुत्तू म्हणजे काटकुळा माणूस. लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर कायम चौकडीचा पंचा. तोंडाने फार बोलायचा नाही, त्याचं जे काही कसब होतं ते डाव्या पायात होतं. तो शिकला तेव्हाच्या लॉऱ्यांना क्लच दोनदा दाबल्याशिवाय गिअर पडत नसे. एकदा दाबून गिअर सोडवायचा, पुन्हा दाबून पुढचा टाकायचा. जरा चुकलं की गिअरपेटी अशी करकरायची की रस्त्यावरची माणसं वळून हसायची. चेल्लमुत्तूची पेटी कधी करकरली नाही. पुढे सुधारलेल्या गाड्या आल्या, एकदा दाबलं तरी भागू लागलं, पण ह्याचा पाय दोनदाच जायचा. कुणी चिडवलं तर म्हणायचा, "पाय नमस्कार घालतोय गाडीला. घालू दे की, तुझं काय जातं?"

मग बाजार फिरला. बाजाराला ना आई ना बाप. चार वर्षांपूर्वी आपोआप गिअर बदलणाऱ्या लॉरीचं नाव काढलं, तर चहाच्या टपरीवर लोक पोट धरून हसत. "पोरींची स्कूटी रे ती." शिवाय महाग, आणि बिघडली की लॅपटॉप घेऊन साहेब येणार, आपला मेस्त्री काय तिला उदबत्ती ओवाळणार? आणि बघता बघता तेच हसणारे शोरूमच्या दारात उभे राहिले. नवी गाडी डिझेल कमी पीत होती, क्लचप्लेट जळायचा त्रास नव्हता, आणि खरं दुखणं म्हणजे ड्रायव्हरच मिळेनासे झाले होते. गावची पोरं शिकून कोइंबतूरला खुर्चीत जाऊन बसली. उरलेली येत ती आधीच सांगत, "क्लच दाबून गुडघे घालवायचे नाहीत आम्हाला. ऑटो असेल तर बोला." जुनी गिअरची लॉरी विकायला काढली, तर दलाल ऐन उन्हाळ्यात घोंगडी विकायला आणल्यासारखं बघायचा.

गौंडरांच्या मुलाने, कदिरवनने, जुन्या गाड्या एकेक करून काढल्या आणि नव्या घेतल्या. पोरगा वाईट नव्हता हो. वाईट असता तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. लहानपणी चेल्लमुत्तूच्या मांडीवर बसून त्याने स्टिअरिंग धरलेलं. अजून त्याला अण्णा म्हणायचा, अण्णा त्याला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. अण्णा घरी आला तर उठून उभा राहायचा.

पहिल्या नव्या गाडीची पूजा आंजनेयरच्या, म्हणजे मारुतीच्या, देवळापुढे झाली. आमच्याकडे नवी लॉरी रस्त्यावर उतरते ती चाकांखाली लिंबं चिरडून, आणि गौंडरांच्या प्रत्येक गाडीचं लिंबू आजवर चेल्लमुत्तूने चिरडलेलं. त्याच्या हाताला यश आहे, असं थोरले गौंडर सगळ्यांना सांगत. ते स्वतः शेजारच्या सीटवर चढून बसले.

"चल रे, घे देवाचं नाव," म्हणाले.

खाली बघितलं तर दोनच पायडल. एक ब्रेक, एक अॅक्सिलरेटर. ब्रेकचं चांगलं रुंद. चेल्लमुत्तूने गाडी हलवली, ती लोण्यातून सुरी जावी तशी हलली, आणि पुढचं चाक लिंबावर चढतंय तोच त्याचा डावा पाय दुसरा गिअर टाकायला खाली गेला. दोनदा. खाली क्लच नव्हता, ब्रेक होता. गाडी जागच्या जागी दोन गचके खाऊन थांबली. गौंडरांचं कपाळ काचेवर आपटलं, चष्मा खाली पडला, आणि लिंबू चाकाखालून सटकून अख्खंच्या अख्खं रस्त्यावर घरंगळत गेलं.

गौंडरांनी चष्मा उचलला, कपाळ चोळलं आणि म्हणाले, "नवी आहे, होईल सवय." पण त्यांचा आवाज बारीक झाला होता.

कदिरवनने त्याला कंपनीच्या शिकवणीला पाठवलं. तिथला मास्तर त्याच्या मुलाच्या वयाचा. "डाव्या पायाला काही कामच नाही अण्णा. त्याला सुट्टी द्या. नुसता बाजूला ठेवून द्या."

पाय म्हणजे काय चप्पल आहे बाजूला काढून ठेवायला? यार्डात सावकाश फिरवताना जमायचं. लक्ष असेपर्यंत पाय शहाण्यासारखा कोपऱ्यात बसायचा. पण समोर म्हैस आली, गतिरोधक आला, कुणी आडवा घुसला, की मालकाला न विचारता पाय आपला खाली. गचके दोन. बरोबरचे ड्रायव्हर लांबून बघायचे. "अण्णा, गाडीला उचकी लागलीय का? पाणी पाजा तिला." ज्या माणसाच्या गाडीत अंडं फुटत नव्हतं, त्याच्याशी हे असं बोलायचे.

शेवटी कदिरवनने यार्डात त्याला बाजूला घेतलं. खाली मान घालूनच बोलला.

"अण्णा, शेवटची गिअरची गाडी पण गेली. बिहारचा माणूस घेऊन जातोय. आता सगळ्या ह्याच. त्रिशूरला अंडी घेऊन जायचीत, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. माल नीट पोचला तर गाडी तुमची, मी पुन्हा विषय काढणार नाही."

"आणि नाही पोचला तर?"

"यार्डात बसा की. पगार तोच देतो. पोरांवर लक्ष ठेवा."

पगार तोच म्हटल्यावर माणसाने खूश व्हावं. चेल्लमुत्तू घरी आला तो जेवलाच नाही. बायकोने, पावायीने, रसमभात पुढे ठेवला होता, तो निवून गेला.

"यार्डात बसणं काय वाईट आहे?" ती म्हणाली. "सगळा जन्म वाट बघण्यात गेला माझा. जरा घरी दिसाल तरी."

"यार्डात म्हातारं कुत्रं पण बसतं, पावायी."

"मग काय करणार? तो पाय ऐकत नाही तुमचं."

"नाही ऐकत. मला कळतंय, त्यालाच कळत नाही. मी काय करू सांग."

ती भांडी उचलता उचलता सहज म्हणाली, "बांधून ठेवा त्याला. ओढाळ गुराला बांधतात तसा." म्हणाली आणि विसरली. बायकामाणसं दिवसाला अशी दहा वाक्यं बोलतात. चेल्लमुत्तूने हे एक खांद्यावरच्या पंच्यात बांधून ठेवलं.

उजाडता उजाडता ट्रे भरून झाले. कदिरवन पोल्ट्रीवाल्याशी बोलत होता तेवढ्यात चेल्लमुत्तू केबिनमध्ये चढला, पंच्याने डावा घोटा सीटच्या लोखंडी पायाला आवळून बांधला, दोन गाठी मारल्या आणि वरून लुंगी सोडली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने लुंगी घोट्यापर्यंत सोडली होती. कदिरवनला वाटलं, थंडी असेल.

आणि काय सांगू, गाडी चालली. तिरुचेंगोडच्या चढावर ती आपणहून गिअर बदलत गेली आणि ह्याच्या पायाने प्रत्येक वेळी पंच्याला हिसका दिला, पण पंचा सुटला नाही. अविनाशीच्या रस्त्याला एक बाईकवाला बायकोपोरासकट आडवा घुसला. चेल्लमुत्तूने उजव्या पायाने ब्रेक असा अलगद धरला की कदिरवनच्या हातातला चहा हिंदकळला नाही.

"अण्णा, हे कधी शिकलात?"

"शिकतो माणूस."

वाळयारचा नाका गेला, पालक्काड गेलं. कदिरवन खुलला. लहानपणी अण्णाने आपल्याला पोंगल खायला कुठे उतरवलं होतं, ती जागा दाखवायला लागला. चेल्लमुत्तू हूं हूं करत होता. घोट्यात आधी मुंग्या आल्या, मग ठणका लागला, मग काहीच लागेनासं झालं. वाटेत कदिरवन दोनदा म्हणाला, थांबू या, लघवीला तरी उतरा. ह्याने नको म्हणून मान हलवली. एवढा एक दिवस निघाला की झालं. उद्याचं उद्या बघू, उद्यासुद्धा पंचा आहेच.

त्रिशूरच्या गोदामात हमालांनी ताडपत्री काढली. व्यापाऱ्याने वरचे ट्रे पाहिले, मधले पाहिले, तळचे ओढून पाहिले आणि हसून कदिरवनला म्हणाला, "हा म्हातारा अजून आहे होय तुमच्याकडे? मग मोजायचं कशाला?"

कदिरवन धावतच केबिनपाशी आला. "अण्णा, उतरा. आज केळ्याची भजी माझ्याकडून."

"तू हो पुढे तंबी. मी आलो."

"असं कसं, उतरा आधी."

"म्हटलं ना आलो."

तो खाली वाकून गाठ सोडवायला बघत होता. दिवसभर हिसके खाऊन गाठ दगडासारखी झाली होती आणि पाय सुजला होता. वाकला तो वर येईना. कदिरवनला वाटलं ह्याला काहीतरी झालंय, छातीत दुखतंय. त्याने दार उघडलं, लुंगी बाजूला केली आणि बघत राहिला.

चेल्लमुत्तूने हात जोडले नाहीत, खोटंही बोलला नाही. "एक अंडं फुटलं नाही रे," एवढंच म्हणाला.

कदिरवन केबिनच्या पायरीवर गुडघे टेकून बसला. गौंडरांचा मुलगा ड्रायव्हरच्या पायाशी, हमाल टकामका बघायला लागले. दाताने ओढून त्याने गाठ सोडवली. घोट्याला काळानिळा वळ उमटला होता. तो त्याने अंगठ्याने चोळला.

"गाडी पेटली असती म्हणजे, अण्णा?" तो हळूच म्हणाला. "मी उडी मारली असती. तुम्ही?"

पोरगा रागावला असता तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावून भांडता तरी आलं असतं. पण ते पोरगं रडवेलं झालं होतं, आणि रडव्या माणसाशी भांडता येत नाही.

येताना गाडी कदिरवनने चालवली. चेल्लमुत्तू शेजारच्या सीटवर बसला, जिथे इतकी वर्षं क्लीनर बसायचे. रिकामी गाडी पळत होती. चढ आला की ती स्वतःच गिअर उतरवायची, सपाटी आली की चढवायची, कुणाला काही विचारायची नाही. आणि दर वेळी ह्याचा सुजलेला डावा पाय खालच्या रबरी चटईवर जायचा. एकदा, मग पुन्हा एकदा. तिथे काही नव्हतं. दुखत होता, तरी जात होता. कदिरवनने पाहिलं आणि मान फिरवून समोर बघायला लागला.

"झोपा थोडं अण्णा," म्हणाला.

"झोपतो."

चेल्लमुत्तूने पंचा झटकला, उलगडला आणि थंडी वाजत असल्यासारखा दोन्ही गुडघ्यांवरून खाली पसरला. डोळे मिटून घेतले. नामक्कल येईपर्यंत पंच्याखाली त्याचा पाय गिअर टाकत होता.