रिकामी खुर्ची घेऊन घर बघायला

ग्लेंडा स्टब्ज माझी मैत्रीण आहे, हे मी इंग्लंडातल्या आमच्या अख्ख्या हल शहरात छाती पुढे काढून सांगते. का ते ऐका.

तिच्या नवऱ्याला, नेव्हिलला, अर्धांगाचा झटका आला. दोघांचं भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मग इस्पितळातून त्याला थेट आजारी म्हाताऱ्यांच्या होममध्येच नेलं. तळमजल्यावर घर मिळालं तरच तो परत येणार. बाहेरची भाडी ऐकून डोळे पांढरे होतात, त्यामुळे आशा काय ती कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कमी भाड्याच्या घराची. दर आठवड्याला रिकाम्या झालेल्या घरांवर नाव लावायचं आणि वाट बघायची. ग्लेंडाने चिकाटी सोडली नाही आणि शेवटी एका घरासाठी तिचा पहिला नंबर लागला.

घर बघायला कौन्सिल पहिल्या तिघांना एकदमच बोलावते. पहिल्याने नको म्हटलं की घर दुसऱ्याला. ग्लेंडा निघाली ती नेव्हिलची चाकांची खुर्ची ढकलत, रिकामीच. सोबत मी.

बसचा ड्रायव्हर म्हणाला, "आजी, माणूस घरीच विसरलात की."

"त्याला मागाहून आणते. आधी खुर्चीला घर पसंत पडू दे."

दुसऱ्या नंबरचा क्लाइव्ह नावाचा गृहस्थ आत शिरताच नाक मुरडायला लागला. "भिंतीला ओल आहे. थंडीत कुडकुडाल हो. शेजारी म्हणे रात्रभर धिंगाणा घालतात."

"मग तुम्ही कशाला तडफडलात इथे?" मी विचारलं. मेला लबाड.

ग्लेंडाचं लक्षच नव्हतं. ती स्वतः खुर्चीत बसून खोल्यांमधून फिरत होती. बाथरूमपाशी मात्र अडलं. खुर्ची आत जाई, पण वळायला जागा नाही, आणि धरायची दांडी उजवीकडे. नेव्हिलचा चालतो तो डावा हात.

कौन्सिलची बाई हळूच म्हणाली, "मिसेस स्टब्ज, बदल करून मिळतील, पण वेळ लागेल. नको असेल तर आत्ताच सांगा."

क्लाइव्ह पुढे सरकला.

ग्लेंडा बाहेर आली, खुर्ची फिरवली आणि पाठमोरी आत गेली. आता दांडी डाव्या हाताला. ती धरून उभी राहिली, परत बसली.

"उलटा जाईल," ती म्हणाली. "जन्मभर दुसरं काय केलंय त्याने? घर आमचं, बाई. सही कुठे करू?"

नेव्हिल आला त्या दिवशी मी केक घेऊन गेले होते. थोड्या वेळाने तो एका पायाने खुर्ची रेटत बाथरूमकडे निघाला आणि पाठमोरा आत शिरला. ग्लेंडा मदतीला उठली. पण तोंड दाराकडेच असल्यामुळे त्याने स्वतःच दार ओढलं आणि कडी लावली. होममध्ये इतके महिने परकी माणसं त्याला दार सताड उघडं ठेवून संडासला बसवत होती.

"टपून काय बसलीस?" आतून जड जिभेने आवाज आला. "चहा टाक."

ग्लेंडा चहा टाकायला गेली, आणि चहा उतू गेला तरी तिथेच रडत उभी राहिली.