ओठांतल्या टाचण्या

पनवेलला टपाल नाक्यामागच्या गल्लीत सत्यवतीबाई रणभिसे ब्लाउज शिवतात. माप देता देता गिऱ्हाइकानं कुणाच्या घरातलं काढायला सुरुवात केली, की त्या डबीतल्या टाचण्या उचलतात आणि एकेक करून ओठांत धरतात. टाचण्या धरलेल्या तोंडानं फक्त 'हूं' म्हणता येतं, आणि नुसत्या 'हूं'वर कुणाची निंदा फार वेळ चालत नाही. गावाकडून येणाऱ्या कमळाबाई तर तोंडावर सांगतात, "तुज्याकडं आता काय मजा नाय गो. पयले इथं बसलं का सगलं पनवेल कलायचं."

कमळाबाईंचं काही खोटं नाही. सत्यवतीबाईंच्या तोंडात पूर्वी तीळ भिजत नसे. बाई मनानं वाईट नव्हत्या. कुणाच्या घरी आजारपण असलं तर पहिला डबा त्यांचा जायचा. फक्त त्या डब्याबरोबर आजाराची बातमीही चार घरं फिरून यायची. शिवाय बाई ख्रिस्ती मंडळीतल्या, दर रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पुढच्या बाकावर बसणाऱ्या. त्या चहाड्या कशा करतील? त्या प्रार्थनेचे विषय द्यायच्या.

हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी मंडळीतल्या बायकांची प्रार्थना सभा भरते. गीत होतं, बायबलमधलं वचन वाचून होतं, मग पाळकांच्या पत्नी मार्थाबाई विचारतात, "कुणाला काही विषय द्यायचाय का?" कुणी नवऱ्याची शुगर सांगते, कुणी मुलाची परीक्षा. सत्यवतीबाई मात्र आवाज खाली आणून म्हणायच्या, "बाहेर जाऊ देऊ नका हं, प्रार्थनेसाठी म्हणून सांगते." मग सगळ्या जणी पुढे सरकून बसायच्या. डोळे मिटण्याआधी कान उघडे व्हायचे, आणि आमेन झाल्यावर पोह्यांबरोबर त्याच विषयाची उरलेली चर्चा व्हायची.

असाच एकदा अंकिताचा विषय झाला. अंकिता ही मंडळीतल्याच एस्तेरताईंची मुलगी, उरणला दिलेली. सासूशी खटका उडाला म्हणून चार दिवस आईकडे आली होती. ब्लाउज सैल करून घ्यायला आली, तेव्हा माप देताना तिचे डोळे भरले, आणि सत्यवतीबाईंनी पाठीवर हात फिरवला म्हणून ती बोलून गेली. शुक्रवारी तो विषय झाला. रविवारपर्यंत तो उरणला पोचला, तेव्हा 'चार दिवस आली आहे' याचं 'कायमची निघून आली' असं झालं होतं. सासरची माणसं दुखावली. चार दिवसांचं भांडण वर्षाच्या वर लांबलं. पुढे अंकिता नांदायला गेली, पण पनवेलच्या देवळात तिनं पुन्हा पाऊल ठेवलं नाही. एस्तेरताई येत राहिल्या. सत्यवतीबाईंना 'सलाम' करायच्या, त्याहून एक शब्द जास्त नाही. सत्यवतीबाईंनी मनाची समजूत घातली होती की आपण तर प्रार्थनाच मागितली.

मग वेळ त्यांच्या दारात आली. त्यांचा एकुलता कुमार द्रोणागिरीला एका गोदामात सुपरवायझर होता. बाप गेल्यावर त्याला दारू लागली, आणि ती इतकी वाढली की एके दिवशी तो स्वतःच म्हणाला, "आई, मला कुठंतरी ठेव." चिरनेरच्या अलीकडे एक व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथं त्याला ठेवला. आई निघाली तेव्हा त्यानं तिचा हात धरून एवढंच मागितलं, "कुणाला सांगू नकोस. लोकांना कळलं तर मी परत त्या देवळात कसा येऊ?"

मंडळीत सत्यवतीबाईंनी सांगितलं, कंपनीनं गुजरातला पाठवलंय. खोटं बोलताना जीभ अडखळली, पण बोलल्या. रविवारी उपासना झाली की डबा घेऊन त्या चिरनेरवरून जाणारी उरणची एसटी पकडायच्या. आणि एका रविवारी केंद्राच्या फाट्यावर उतरताना त्यांनी सहज मागं पाहिलं, तर खिडकीशी एस्तेरताई. लेकीकडे उरणला निघालेल्या. त्यांची नजर आधी डब्यावर गेली, मग केंद्राच्या पाटीवर, आणि एसटी सुटली.

तो आठवडा सत्यवतीबाईंनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. एक बाही उलटी जोडली, एकीचा गळा मागचा पुढं केला. एस्तेरताईंनी तोंड उघडलं तर त्यांना दोष तरी कुठल्या तोंडानं द्यायचा? शुक्रवारी डोकं दुखतंय म्हणून घरी राहावं असं दहादा वाटलं. पण आपल्या माघारी काय बोललं जाईल या भीतीनं गेल्या.

मार्थाबाईंनी विषय विचारले, तसा एस्तेरताईंनी हात वर केला. सत्यवतीबाईंनी पदर मुठीत आवळला.

"एका आईसाठी प्रार्थना करा," एस्तेरताई म्हणाल्या. "तिच्या घरात ओझं आहे आणि ती ते एकटी वाहतेय."

"अगंबाई, कोण गं ही?" मागून कुणीतरी विचारलंच.

"देवाला पत्ता शोधावा लागत नाही," एस्तेरताई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

मग त्या खोलीतल्या सगळ्या बायका कुणासाठी ते माहीत नसताना प्रार्थना करू लागल्या. एकीनं त्या आईसाठी धीर मागितला, दुसरीनं झोप मागितली. बऱ्याच रात्री धड झोप नसलेल्या सत्यवतीबाई मान खाली घालून रडत होत्या. आयुष्यात इतकं प्रेम त्यांना एकदम कधी मिळालं नव्हतं.

सभेनंतर जिन्यात त्यांनी एस्तेरताईंना गाठलं. "ताई, तुम्ही सांगितलं का नाही? मी तुमच्या अंकिताचं..."

"म्हणूनच नाही सांगितलं," एस्तेरताई म्हणाल्या. "मनाला किती लागतं ते मला ठाऊक आहे. तुला लागावं असं वाटलं होतं गं एकदा. एसटीत तुझ्या हातातला डबा पाहिला आणि ते वाटणं गेलं."

पुढच्या रविवारी सत्यवतीबाई मुलाला भेटून परतल्या नाहीत, तशाच उरणला गेल्या. अंकितानं दार उघडलं. "तुझी गोष्ट मी सांगायची नव्हती, बाळा. प्रार्थनेचं नाव घेऊन सांगितली, ते तर आणखी वाईट," त्या म्हणाल्या. अंकितानं पाणी दिलं, चहा केला. 'असू दे' काही म्हणाली नाही, आणि सत्यवतीबाईंनीही तिच्याकडून ते मागितलं नाही. टाचण्यांची सवय त्यांनी त्यानंतर लावून घेतली. सकाळी मशीनचं झाकण उघडताना आजही त्या पुटपुटतात, "देवा, माझ्या तोंडाला राखण बसव."

कुमार बरा होऊन आला तो कापणीच्या सणाच्या सुमारास. देवळात लोकांनी भाताच्या लोंब्या, भोपळे, नारळ आणून वेदीपुढं ठेवले होते. पाळकांनी विचारलं, देवानं केलेल्या उपकारांची कुणाला साक्ष द्यायची आहे का? कुमार उठला. आईनं त्याचा शर्ट ओढला, पण तो पुढं गेला.

"आई म्हणाली मी गुजरातला होतो," तो म्हणाला. "माझ्यासाठी खोटं बोलली ती. मी चिरनेरला दारू सोडायला गेलो होतो. हे तुम्हाला आज मीच सांगतोय, कारण माझ्याआधी कुणी सांगितलं नाही. देवाचे आभार, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांचेही."

सत्यवतीबाईंना पुढचं काही ऐकू आलं नाही. त्या एस्तेरताईंना शोधत मागं वळल्या. एस्तेरताई शेवटच्या बाकावर होत्या, आणि त्यांच्या शेजारी अंकिता बसली होती. अंकितानं त्यांच्याकडे पाहिलं, शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि थोडी सरकून बाकावर जागा केली.