जित्या गोचिडी

मंद्रूपच्या त्या गोठ्यात मला अडवलं ते म्हशीनं नव्हे, म्हशीच्या मालकिणीनं. मी सोलापूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. गोचिडीतून माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणारे विषाणू आपल्या भागात आहेत का, हे आमचा गट तपासत होता आणि गोचिडी गोळा करण्याचा मान माझ्याकडे आला होता. चिमटा, नळ्या, ओलं फडकं असा सरंजाम घेऊन मी दारात उभी. मावशी म्हशीच्या कानामागून गोचिडी उपटून निखाऱ्यावर टाकत होत्या.

"मला जित्या हव्यात," मी म्हणाले.

"पाळायच्या हायत व्हय?"

मग मी गोठ्यातच प्रयोग लावला. विषाणूचीही भूमिका माझी, पेशीचीही माझीच. हा पाहुणा पेशीत शिरतो, तिच्याच चुलीवर, तिच्याच भांड्यांत आपल्यासारखे हजारो शिजवून घेतो. मेंदूतल्या पेशींवर ही पाळी आली की माणूस तापात बरळू लागतो.

"आमच्या थोरल्या जावयागत हाय की." पण मावशी हसल्या नाहीत. "आन् माज्या म्हशीवर तसलं घावलं तर? दूध कोन घील?"

घर दोन म्हशींवर चालत होतं. नळीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो, हे मी दाखवलं.

"गावाला आकडं बी वाचता येत्यात."

मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. तोच नकार. तिसऱ्या खेपेला पदर खोचून त्यांच्या शेजारीच बसले आणि चिमट्यानं गोचीड ओढली. ती तुटली, तोंड कातडीत राहिलं.

"एवढं शिकलासा, आन् गोचीड निघंना?" त्यांनी चिमटा हिसकावला, कातडीला टेकवून धरला, सरळ ओढला. अख्खी आली.

"मावशी, रोग नाही असं म्हणायलासुद्धा मला गोचिडी लागतात," मी म्हणाले. "आणि असलाच, तर दुधाचं नंतर बघू. उघड्या हातानं रोज तुम्ही काढता."

त्या आपल्या बोटांकडे पाहत राहिल्या. मग निखाऱ्यावर पाणी ओतलं.

"आना नळ्या. पर काय निगंल ते आदी मला सांगायचं."

परतताना एसटीत शेजारणीनं नळ्यांच्या डब्यात काय आहे विचारलं. "लाडू," म्हणत मी झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं.

त्या नळ्यांत विषाणू सापडला नाही. हे सांगायला गेले, तेव्हा मावशी माझ्याच चिमट्यानं गोचिडी काढत होत्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "पर औंदा न्हाय म्हंजी कायमचं न्हाय का? फुडल्या उन्हाळ्यात या. चिमटा दुसरा आना."