डाकूंची म्होरकी

हडपसरहून निघालेल्या सहलीच्या बसमध्ये साठीच्या एक बाई माझ्या शेजारी होत्या. नाव मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. बोलताना मध्येच त्या कपाळावरची टिकली बोटाने दाबून बसवायच्या.

सहल सिनेमाच्या एका पार्कात होती. तिथे प्रेक्षकांतल्या कुणालातरी नटवून कॅमेऱ्यासमोर उभं करत आणि तो प्रसंग लगेच पडद्यावर दाखवत. "डाकूंची म्होरकी कोण होणार?" असं निवेदकाने विचारताच बाईंनी शाळकरी मुलीसारखा हात उंच केला. त्याने त्यांनाच बोलावलं. बाई पदर खोचून उठल्या.

मागून त्यांचे यजमान म्हणाले, "अगं, बस खाली. लोक हसतील."

त्या बसल्या. त्यांच्याऐवजी कॉलेजातली एक मुलगी गेली. तिने बंदूक उलटी धरली आणि सगळे पोट धरून हसले, यजमान तर सर्वांत जास्त.

परतताना बाई म्हणाल्या, "मीसुद्धा हसवलं असतं हो. मला येतं ते."

समजूत घालणं मला जमत नाही. "येत असणारच," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात पुढच्या सीटवरून यजमान वळले. "काय झकास केलं गं त्या पोरीने!"

"हो ना," म्हणत बाईंनी कपाळावरची टिकली बोटाने दाबून बसवली.