तांब्यामामीनं माहेर हलवलं

कुणाच्याही घरी गेली की मामी उंबरठ्यातच पाणी मागायची. तहान असो वा नसो. आलेलं पाणी ती घटाघटा प्यायची नाही. एक घोट तोंडात धरून जरा वेळ गप्प बसायची, मग गिळायची आणि सांगून टाकायची, "बोअरचं हाय." नाहीतर, "टाकी धुतलेली न्हाई बरं का तुमची." घरच्या बाईचा चेहरा पडायचा. माझी मान खाली जायची. मामीला त्याचं काही नसायचं. "घर कसं हाय ते चहा सांगत न्हाई," ती म्हणायची, "पाणी सांगतं."

बाहेर पडताना तिच्या पिशवीत नेहमी एक पितळी तांब्या असायचा, तोंडाला फडकं बांधलेला. म्हणून खानावळीतल्या आम्ही सगळ्या बायका तिला तांब्यामामी म्हणायचो. साताऱ्यात स्टँडच्या मागच्या गल्लीत ती खानावळ होती. मी आणि मामी समोरासमोर बसून चपात्या लाटायचो. मी मुळात कमी बोलणारी. मामी माझ्या वाटचंही बोलायची, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

ती माणातली, दहिवडीच्या बाजूच्या एका वाडीतली. नवरा मुंबईला बाजारात ओझी उचलायचा. त्याच्याविषयी ती एकच वाक्य बोलायची. "मुंबईला गेलेला माणूस आणि माणातला पाऊस, आला तर आपला." एका वर्षी तो आला नाही, त्याच्या मरणाची बातमी आली. मग पोरीला घेऊन मामी साताऱ्याला आली. खानावळीत नळाला भरपूर पाणी होतं, तरी मामी कणकेचा हात परातीत धुऊन ते पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायची. मालक चिडवायचे, "मामी, नळ आहे आपल्याकडं."

"आज हाय," मामी म्हणायची.

तिची मुलगी रेखा. तिला कोकणात दिली होती, म्हणजे जावई माणातलाच, पण हर्णैच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कामाला. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी रेखाला मूल नव्हतं. आमच्याकडे जुनी रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत आई-बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आता फार कुणी पाळत नाही, मामी पाळायची. लेकीकडे जाताना स्टँडवर तांब्या भरून न्यायची आणि तेवढ्यावर दिवस काढून संध्याकाळची गाडी धरायची. जावई हसायचा, "मामी, एवढा समुद्र शेजारी आणि तुमी कोरड्या घशानं बसलाय व्हय?" जगभरच्या घरांतलं पाणी चाखणारी बाई, पण लेकीच्या घरच्या पाण्याची चव तिला माहीत नव्हती.

मी तिला कधी हसले नाही. माझी मुलगी इस्लामपूरला दिलेली. तिलाही अजून मूल नाही. मीही पिशवीत बाटली घेऊनच तिच्याकडे जायची. आई करायची म्हणून मी करायची, एवढंच.

फाल्गुनात रेखाचा फोन आला. दिवस गेले होते. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की अंथरुणावरून फार उठायचं नाही आणि घाट तर चढायचाच नाही. याआधी दोनदा झालेलं नुकसान मामीला ठाऊक होतं. तिचं लाटणं थांबलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि माहेर तर घाटाच्या वर. तव्यावरची चपाती करपली तेव्हा ती म्हणाली, "पोरीला हलवायची न्हाई म्हणं. मग माहेर हलवू."

आम्ही हसलो. ती रागावली. "हसताय काय? आमच्याकडची धनगरं न्हाईत का बिऱ्हाड घोड्यावर घालून कोकणात जात? त्यांच्या बाया तिथंच बाळंत हुत्यात. घर जाग्यावर असतं, चूल बरोबर असती."

मालकीणबाई म्हणाल्या, "मामी, एवढं कशाला? लेकीकडंच राहा की चार-सहा महिने."

"ऱ्हाईन. पण पाणी कुठलं पिऊ?"

मामीनं तिथंच बोटांवर मोजत सांगितलं. चूल माझी पायजे. भाडं चपात्यांच्या पैशात भागलं पायजे. लेकीला रिक्षानं धक्का न लागता आणता आली पायजे. आणि पाणी गोड पायजे. कामाची चिंता तिला नव्हती. "पोळपाट नेला की पोट भरायची सोय नेली," ती म्हणाली.

वैशाखात ती घर शोधायला निघाली आणि मला बरोबर घेतलं, कारण मला पाट्या वाचता येतात. मी वाचायचं आणि तिनं बोलायचं, असं ठरलं. चिपळूण, खेड करत आम्ही दापोलीला उतरलो. गाव गार, रस्ते स्वच्छ. मी 'भाड्याने देणे' अशी पाटी दाखवली. मामी आत गेली, पाणी मागितलं, घोट धरला, मान हलवली. मग भाडं विचारलं आणि पेला सावकाश खाली ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाली, "पाणी चांगलं हाय गं, पण त्याच्यात साखर त्यांनी आपल्या पैशाची घातलीया." शिवाय तिथून हर्णैपर्यंतची वाट वळणावळणाची. ते गाव राहिलं.

खाली समुद्राकाठच्या एका गावात तर प्रत्येक घरावर एकच पाटी, 'राहण्याची व जेवणाची सोय'. घरमालक म्हणाले, "महिन्यानं नाही देत हो आम्ही, दिवसानं देतो. सुट्टीत पाहुणे येतात समुद्र बघायला."

"आवं, मी समुद्र बघाय आली न्हाई," मामी म्हणाली. "नातवंड बघाय आलीया." पाणी चाखून तिनं तोंड वाकडं केलं. मचूळ होतं. हर्णैत बंदराजवळच्या खोल्या पाहिल्या, तिथं बायका रिकाम्या कळश्या घेऊन टँकरची वाट बघत उभ्या होत्या. मामी त्यांच्याकडे बघत राहिली. "हे बघायला घाट उतरून कशाला आली मी? हे माझ्या वाडीत फुकट दिसतं."

शेवटी खाडीवरचा पूल ओलांडून आम्ही पलीकडच्या गावात गेलो. नारळाच्या सावलीत एक बैठं घर, पुढच्या दोन खोल्या रिकाम्या. मालकीण म्हातारी होती, मुलाबरोबर राहायची. "ये गो बाय, बस," म्हणाली. मामीनं पाणी मागितलं, तर तिनं मागच्या दारी विहिरीकडे नेलं. वैशाख असूनही पाणी इतकं वर की पोहरा सोडला आणि लगेच बुडाला. मामीनं घोट तोंडात धरला. ती इतका वेळ गप्प बसली की मालकीण माझ्याकडे बघायला लागली. मग मामी म्हणाली, "गोड हाय गं, सुमन." तिचे डोळे भरले होते.

"आटती का कवा?" तिनं विचारलं.

"आमच्या सासऱ्यांनी पण कधी आटलेली बघितली नाही," म्हातारी म्हणाली. "पावसात मात्र जरा सांभाळावं लागतं हां."

"पावसात काय सांभाळायचं?" मामी हसली. "पाऊस आला म्हंजे सगळं झालंच की."

भाडं ऐकून मलाच आश्चर्य वाटलं. मी हळूच म्हटलं, "मामी, एवढं कमी कसं?" तर म्हणाली, "देवमाणूस हाय म्हातारी." म्हातारीच्या स्वयंपाकघरात तांदळाचे डबे, पीठ, अंथरुणं, सगळं आढ्याखालच्या माळ्यावर होतं. विजेचा मीटरही डोक्यापेक्षा उंच. मी विचारलं, एवढं वर का ठेवलंय? मामीनंच उत्तर दिलं. "मांजरं. मासं खाऊन माजलेली असत्यात हिकडची." मला ते पटलं. मीही सातारच्या कोरड्या बाजूचीच. आमच्या भागात घर बघताना पाणी येतं कुठून, एवढंच विचारतात. ते जातं कुठं, हे विचारायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती.

ज्येष्ठात मामी गेली. स्टँडवर मी पोचवायला होते. पोळपाट, लाटणं, दोन गोधड्या, हंडा, कळशी आणि तांब्या. मालकांनी तवाही दिला. मामी मला म्हणाली, "येशील तवा माझ्या हिरीचं पाणी देती तुला." दुसऱ्या दिवशी खानावळीत माझ्यासमोरची जागा रिकामी होती, आणि कणकेचं पाणी कुंडीत ओतायचं कुणाला सुचलं नाही. मीच उठून ओतलं.

रेखाला रिक्षात उशा लावून मामीनं आपल्या त्या घरात आणलं. पोर माहेरी आली. मामीचे फोन यायचे आणि पहिली बातमी विहिरीची असायची. "आज पाणी लय वर आलंया." मग, "आज पोहरा लागलाच न्हाई, हातानं घेतलं." ती आनंदानं सांगायची आणि मी आनंदानं ऐकायची.

श्रावणात दोन-तीन दिवस फोन लागला नाही. मग लागला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. दुपारची वेळ, पाऊस लागून राहिलेला, त्यात भरती. खाडीचं पाणी मागच्या दारानं आत आलं. मामीला वाटलं, कुणाची तरी टाकी फुटली. आणि तिनं काय करावं? पाणी वाया जातंय म्हणून हंडा, कळशी, पातेली, सगळं भरायला घेतलं. रेखा खाटेवरून ओरडली, "आई, हे पाणी भरायचं नसतं गं, ह्यातनं पळायचं असतं!" हे सांगताना मामी हसत होती. "माझा हंडा भरला व्हता गं सुमन. तवर गुडघ्याला लागलं."

म्हातारीचा मुलगा आणि शेजारचे दोघे आले. त्यांनी रेखाला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत नेली. मामी छातीशी गोधडी धरून मागून चालली. जावई बर्फाचा टेम्पो घेऊन आला आणि मायलेकींना आपल्या घरी घेऊन गेला. ते घर उंचावर, कातळावर. तिथं पाण्याची भीती नव्हती.

भीती दुसरीच होती. मामी आता लेकीच्या घरात होती आणि तांब्या खाडीकाठच्या घरात राहिला होता. ती तहान लागली की पावसात गल्ली ओलांडून शेजारणीकडे जायची, तिथं पाणी प्यायची, भिजून परत यायची. जेवायचीही तिथंच. दोन दिवसांत तिला ताप भरला. तरी तापातही ती निघालीच. तेव्हा रेखा अंथरुणातून उठली. जिनं कूस बदलायलाही जपायचं, ती उठून माठापर्यंत गेली, पेला भरला आणि दारात आडवी उभी राहिली.

"आडवी हो आधी," मामी म्हणाली.

"तू पी आधी."

"रेखे, तुला उभं ऱ्हायचं न्हाई."

"मग पी. पेला रिकामा झाला की निजती मी."

मामी मला म्हणाली, "उभी व्हती गं ती. पोटाला हात लावून उभी. काय करनार मग?" तिनं पेला तोंडाला लावला आणि एका दमात संपवला.

मी विचारलं, "कसं होतं पाणी?"

ती म्हणाली, "चव घ्यायला वेळ कुठं दिला पोरीनं."

बाळ नीट झालं. मुलगी. थंडीत मी डिंकाचे लाडू घेऊन गेले. मामी आता लेकीच्या घरापासून हाकेवर एका खोलीत राहते, तीही कातळावर. बंदरावर कामाला येणाऱ्यांना भाकरी करून देते. मला बसवून तिनं तांब्यातून पाणी दिलं. जावयानं तो चिखलातून शोधून आणला होता. कितीही घासला तरी त्याच्या गळ्याशी काळा डाग राहिलाय.

"हिरीचं देईन म्हणाली व्हती, ते ऱ्हायलं," ती म्हणाली. "हितली हीर होळीला आटती म्हणं. मग टँकर."

"मग हेच घर का घेतलंत?"

"टँकरची सवय हाय मला. आणि हितनं पोरगी रडली की ऐकू येती." पोरगी म्हणजे नात की लेक, ते मी विचारलं नाही. परत साताऱ्याला कधी येणार, हेही विचारलं नाही. पोळपाट चुलीशेजारी भिंतीला खिळा ठोकून लावला होता.

येताना मी साताऱ्याला गेले नाही. कराडला उतरून इस्लामपूरची गाडी धरली. मुलीनं दार उघडलं, पिशवी घेतली आणि सवयीनं माझ्यापुढं काहीच आणलं नाही. माझी बाटली पिशवीत भरलेली होती.

मी म्हटलं, "पाणी दे गं."

ती तशीच उभी राहिली. मग आत गेली. पेल्याचा आवाज आला, एकदा खाली पडल्याचाही. तिनं तो दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. मी घोट घेतला, तोंडात धरला, जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "माठ घासायला झालाय गं तुझा."

ती हसली की रडली, ते मी पाहिलं नाही. पेला रिकामा होईपर्यंत मी मान वर केली नाही.