पाच लिटरचा कॅन

लॅबमध्ये बाटल्या आणि किस्से दोन्ही साठतात. बाटल्या निदान फेकता येतात! नव्वदच्या दशकात, नेरूळ अर्धंच बांधून झालं होतं तेव्हा, मी डॉ. कर्णिकांच्या नर्सिंग होममध्ये लॅब टेक्निशियन होते. तिथले निम्मे किस्से एकट्या सर्जेरावांचे.

सर्जेराव साताऱ्याचे, मार्केटात माथाडी. किडनी स्टोन तिसऱ्यांदा झालेला. मी चोवीस तासांची लघवी जमवायला पाच लिटरचा कॅन दिला. दुसऱ्या दिवशी कॅन काठोकाठ!

"माझी कमी पडली, मग धाकट्या भावानं भर घातली," ते म्हणाले. "एकट्यानं वझं उचलायची पद्धत न्हाय आमच्यात."

मी कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी मात्र धाकट्यालाही बोलावलं आणि दोघांचं रक्त काढलं. दोघांचंही कॅल्शियम वर!

* * *

"घरात कुणाला काही आजार?"

"न्हाय. खडं तेवढं हुत्यात सगळ्यास्नी. वडलांचं अल्सरचं आप्रेशन झालंय. पन आजार असा न्हाय."

डॉक्टर उठले आणि टेबलाच्या आखूड पायाखालचं जाडजूड पुस्तक ओढून काढलं. टेबल कललं, माझा चहा सांडला. "हे एमडीनंतर पहिल्यांदाच उघडतोय," म्हणाले.

* * *

निदान ठरलं. गळ्यातल्या दाण्याएवढ्या ग्रंथींवर गाठी, त्यांनी कॅल्शियम वाढतं, त्याचे खडे. अशाच गाठी पोटातही होतात, म्हणून वडलांना अल्सर. पिढीजात. गळ्याचं ऑपरेशन करून गाठी काढायच्या.

सर्जेराव कंबर चोळत म्हणाले, "दुखतंय हितं आन् कापनार गळा? सायेब, पत्ता चुकला न्हाय न्हवं?"

मग हसू ओसरलं. "पिढीजात म्हंजे... माझ्या सुमीला बी?"

डॉक्टर म्हणाले, "निम्मी शक्यता. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

त्यांची मुलगी सुमी चौदा वर्षांची, बाकावर पाय हलवत बसलेली. तिचं रक्त घेतलं आणि तिलाही कॅन दिला.

* * *

आठवड्यानं रिपोर्ट आले. रक्त नॉर्मल, लघवी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, दरवर्षी तपासू, पण आज काही नाही. सर्जेराव रिपोर्ट उलटा धरून बघत राहिले.

मला मात्र तो पहिला कॅन आठवला. हळूच विचारलं, "हिच्या कॅनमध्ये कुणी भर नाही ना घातली?"

त्यांची बायको म्हणाली, "कोन घालतंय! ह्येच कामाला खाडा करून दिसभर कॅनपाशी बसलं हुतं. मला सुदिक जवळ येऊ दिलं न्हाय."