तुडुमाची किल्ली

आमच्या गावात एक गृहस्थ आहेत, त्यांना लहानथोर सगळे भाऊ म्हणतात. भाऊंच्या बायकोला आम्ही बिनविरोध सरपंच केलं, भाऊंना तंटामुक्ती समितीचं अध्यक्ष केलं आणि तलावाच्या पाणी समितीवरही भाऊंनाच बसवलं. हे कोणी वरून लादलं नाही. ग्रामसभेत हसत-खेळत हात वर करून केलं. माझ्या नवऱ्यानेही हात वर केला होता. घरी आल्यावर मी विचारलं, असं का केलं, तर म्हणाला, "तीन ठिकाणी हिंडा कायले लागते? एकाच घरी गेलं का काम होते." आमचं गाव असं सोय पाहणारं आहे.

मी त्याच ग्रामपंचायतीची सदस्य आहे. राखीव जागेवर निवडून आले. म्हणजे मला खुर्ची मिळते आणि चहा माझ्यापर्यंत येईस्तोवर थंड होतो.

आम्ही ढिवर. गावतलावात मासोळीचं बीज आम्ही सोडतो आणि त्याच मासोळीवर आमच्या मोहल्ल्यातली घरं चालतात. तलावाचं पाणी पाळीखालच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाखालच्या धानाला जातं. पाळीतून ते सोडायचं जे दार असतं, त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात. जुन्या माणसांनी या तुडुमापुरता एक कायदा केला होता: ज्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी जातं, त्याने तुडुमाला हात लावायचा नाही. किती पाणी सोडायचं ते धानवाल्यांनी बसून ठरवायचं. दार उघडायचं ते पाणकराने, आणि पाणकर असा निवडायचा की त्याची तलावाखाली वीतभरही जमीन नसावी. त्यातून भांडण झालंच, तर निवाडा तिसऱ्याच्या ओट्यावर. माझे सासरे पाणकर होते. तलावाच्या तळाशी मासोळीपुरतं पाणी राहिलं की ते तुडुम बंद करून घरी यायचे, मग पाटील येवो की पाटलाचा बाप. माझी मुलगी नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ घोकायची, तेव्हा मी तिला सांगायची, तुझा आजोबा हेच करत होता, फक्त त्याला कोणी मार्क दिले नाहीत.

सासरे गेले. मग सरकारी योजनेतून तुडुमाला लोखंडी चाक बसलं, चाकाला कुलूप आलं आणि कुलपाची किल्ली पाणी समितीकडे, म्हणजे भाऊंच्या घरी खिळ्याला जाऊन लटकली. यंदा भाऊंनी तलावाखालच्या आपल्या सगळ्या बांध्यांत उन्हाळी धान लावलं. पाणी रात्रंदिवस वाहत राहिलं. एप्रिलात तलावाच्या कडेचा चिखल तडकायला लागला आणि मासोळ्या मधल्या डबक्यात गोळा झाल्या. अजून थोडं पाणी गेलं असतं तर आमचं वर्ष गेलं असतं.

मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. सरपंचाच्या खुर्चीत भाऊ बसले होते, बाई घरी होत्या. भाऊंनी अर्ज वाचला, मान डोलावली आणि म्हणाले की हा तर तंटा आहे, तंटामुक्तीकडे जाईल. तंटामुक्तीची बैठक समाजमंदिरात झाली. अध्यक्षस्थानी भाऊ. भाऊंनी आमचं ऐकलं आणि मग भाऊंचंही अगदी शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये एकदाही स्वतःला टोकलं नाही. निकाल असा लागला की हा सगळा गैरसमज आहे आणि दोन्ही बाजूंनी मन मोठं करावं. आमच्या बाजूला मन मोठं करायला एक नारळ देण्यात आला. माझा नवरा तो नारळ घेऊन घरी आला, खालमानेने. मी म्हटलं, हा आता तलावात टाका, मासोळ्या तहानेल्या आहेत.

एसटीने भंडाऱ्याला जिल्हा परिषदेत गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज ठेवून घेतला आणि चौकशीसाठी खाली पाठवतो म्हणाले. खाली म्हणजे कुठे, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. चार दिवसांनी किराणा दुकानासमोर भाऊंनी मोटरसायकल थांबवली. "वहिनी, तुमचा अर्ज आला बरं माह्याकडे. भंडाऱ्यापर्यंत कायले गेल्या? घरीच द्याचा होता." दुकानातले सगळे हसले. त्यात आमच्या मोहल्ल्यातलेही दोघे होते. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, पण आमच्या गावात कुंपण खात असताना शेत टाळ्या वाजवतं.

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिलांची ग्रामसभा असते. एरवी ती कागदावरच होते; ग्रामसेवक घरोघर सह्या गोळा करतो. या वेळी मी बाया गोळा केल्या. सभा अंगणवाडीत भरली. भाऊंना आत येता येईना, म्हणून ते बाहेर मोटरसायकलवर बसून राहिले आणि उगाच आरशात मिशा पाहत होते. आम्ही ठराव मांडला: तुडुम आजच बंद करावं आणि किल्ली अशा माणसाकडे द्यावी ज्याची तलावाखाली जमीन नाही. सरपंचबाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग ग्रामसेवकाला लिहा म्हणाल्या. तो दाराकडे पाहायला लागला, तेव्हा त्यांनी पुन्हा सांगितलं, लिहा. आणि सही केली. मी म्हटलं, बाई, आता किल्लीही आणून द्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इथं मी सरपंच आहो. घरी मी कोन आहो, ते तुले मालूम नाही का?"

मला मालूम होतं. गावातल्या सगळ्यांनाच मालूम होतं, आणि म्हणूनच तर त्यांना निवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर ग्रामसभा भरली. सरपंचबाई नव्हत्या. भाऊंनी सांगितलं, तब्येत बरी नाही, आणि खुर्चीत बसले. महिलांचा ठराव त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला, आमच्या जागरूकतेचं कौतुक केलं आणि ठराव पुढील विचारासाठी पाणी समितीकडे पाठवला. उपसरपंच कान खाजवत होते. ग्रामसेवक लिहीत होता. माझा नवरा आमच्या माणसांत बसून स्वतःच्या चपलेकडे इतकं निरखून पाहत होता की जणू ती कालच घेतली आहे. मला त्या सगळ्या सभेची किळस आली. मी उठले आणि चार बायांना घेऊन सरळ भाऊंच्या घरी गेले.

सरपंचबाई अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या. तब्येत ठणठणीत. आम्हाला पाहून त्यांनाच नवल वाटलं.

"सभा पुढं ढकलली ना?" त्या म्हणाल्या. "यायनं सकाळीच सांगितलं."

ज्या बाईच्या सहीने सभा बोलावली जाते, तिला सभा पुढे गेल्याची बातमी नवऱ्याकडून कळली होती, आणि तीही खोटी. मी सगळं सांगितलं. ठराव कुठे पाठवला, तेही सांगितलं.

"पाणी समितीकडे," त्या हळूच म्हणाल्या. "म्हंजे माह्या घरीच आला."

त्यांनी पुढ्यातल्या चिंचा बाजूला सारल्या. मग हात पुसले, आत गेल्या आणि किल्ली आणून माझ्या हातात ठेवली. "इथं आलाच आहे तं इथंच मंजूर करतो. जाय."

आम्ही पाळीवर गेलो, आमच्यातल्या दोघींनी मिळून चाक फिरवून तुडुम बंद केलं, आणि कुलूप घालून किल्ली मी कनवटीला लावली. डबक्यात मासोळ्या पाठ वर काढून होत्या. निम्म्या तरी वाचल्या. परत येताना पाहिलं तर सभा सुटली होती आणि भाऊंची मोटरसायकल घराकडे वळत होती.

सरपंचबाई पुढे पंधरा दिवस कोणाला दिसल्या नाहीत. दिसल्या तेव्हा डावा हात पदराखाली होता. मी म्हटलं, बाई, तक्रार करा, मी सोबत येते. त्यांनी एवढंच विचारलं, कोणाकडे. आमच्या गावात नवरा-बायकोचं भांडण आधी तंटामुक्तीच्या अध्यक्षांकडे जातं.